नावातली गळती

सुनंदाबाईनं ट्रे दोन्ही हातांनी उचलून उन्हासमोर धरला, तर ‘लाडकुंवरबाई’मधल्या ‘ड’च्या पोटातून ऊन आरपार आलं. मग ‘क’मधून आलं. ‘व’च्या गोलातून एक बारीक तिरीप थेट तिच्या डोळ्यात गेली. तिनं ट्रे फरशीवर आपटला आणि लगेच उचलून पदरानं पुसला, कारण पत्र्याचा काही दोष नव्हता.

“भटू आबा, अठे ये जरा. देख हाई.”

पलीकडं गाईंना कडबा टाकणारा म्हातारा भटू पेंढी हातात घेऊनच आला. त्यानं ट्रे बघितला, पिंजरे बघितले आणि पेंढी खाली ठेवली.

“चाळणी व्हयी गयी नं व माय.”

“आन हाई देख.”

खालच्या ओळीतल्या तिसऱ्या पिंजऱ्यात, सशीनं स्वतःच्या पोटाची लव उपटून केलेल्या गादीत, अंगठ्याएवढं एक पिल्लू आडवं पडलं होतं. गादी पिवळी ओलीचिंब होती. वरच्या पिंजऱ्यातल्या सशाचा मूत थेंबथेंब गळून खाली आला होता आणि अंगावर अजून केसही न आलेलं ते पोर गारठून मेलं होतं. बाकीची तीन एकमेकांच्या पोटाखाली शिरायला धडपडत होती. सुनंदाबाईनं त्यांना कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि मेलेलं पिल्लू तळहातावर घेतलं.

“नववं,” ती म्हणाली.

एका महिन्यातलं नववं. तिला रडू आलं नाही, राग आला. पहिलं गेलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्याला काळजी वाटली होती. चौथ्यापासून पुढं निव्वळ राग होता आणि तो रोज सकाळी ट्रे ओढताना थोडा थोडा वाढत होता.

पांजरपोळ म्हणजे टाकून दिलेल्या जनावरांचा आसरा. आसपासच्या जैन व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून तो स्टेशनापलीकडं उभा केला होता. तिथं भाकड गाई होत्या, लंगडे बैल होते, एक आंधळी घोडी होती. पासष्ट साली कुठल्याशा कॉलेजात चिरफाडीसाठी आणलेले सहा ससे शेठ लोकांनी सोडवून आणले आणि मोठ्या कौतुकानं इथं ठेवले. ससे सहा होते ते आणण्यापुरतेच. नर कुठला आणि मादी कुठली हे ओळखायला सुनंदाबाई शिकेपर्यंत त्यांचे चाळीस झाले होते. जाळीचे बारा पिंजरे, चार-चारच्या तीन ओळी एकावर एक, आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या तळाशी लेंड्या आणि मूत झेलायला पत्र्याचा एक सरकता ट्रे.

ससा दिसतो गरीब, पण त्याचा मूत पत्रा खातो. हे सुनंदाबाईला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी दोन ट्रे सडले तेव्हा तिचं तिलाच कळलं आणि मग तिनं तिचा मार्ग काढला. रोज सकाळी ट्रे ओढायचा, लेंड्या झाडून मिरचीच्या वाफ्यांसाठी पोत्यात भरायच्या. तळाला बसलेला चुन्यासारखा पांढरा थर आंबट ताक शिंपडून मऊ करायचा आणि नारळाच्या शेंडीनं घासायचा. खुरपं लावायचं नाही, कारण जस्तावर एक ओरखडा गेला की गंजाला दार उघडं. मग भरपूर पाण्यानं खळखळून धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, आठवड्यातून एकदा अळशीच्या तेलाचा हात फिरवायचा. वर चाळलेली राख आणि राखेवर शेंगांची टरफलं. तीन वर्षं त्या जुन्या ट्रेंना टाचणीएवढं भोक पडलं नव्हतं. तिच्या आयुष्यात तिनं निगुतीनं सांभाळलेल्या आणि शाबूत राहिलेल्या वस्तू फार नव्हत्या. हे बारा ट्रे त्यांतले होते.

पण त्या ट्रेंवर नाव नव्हतं, आणि पांजरपोळात नाव नसलेली वस्तू म्हणजे अनाथ. पाण्याच्या हौदावर एका घराण्याचं नाव होतं आणि त्याच हौदाच्या तोटीवर दुसऱ्याचं. कबुतरांच्या चबुतऱ्यावर, घोडीच्या खुंट्यावर, आजारी बैलाला उचलायच्या झोळीवरसुद्धा नाव होतं. गोठ्याच्या कमानीवर संगमरवरात दोंडाईच्याच्या पन्नालाल शेठचं नाव होतं. पुढं पन्नालाल शेठना आईच्या नावानंही काही द्यावंसं वाटलं तेव्हा द्यायला जागाच उरली नव्हती. पांजरपोळाचा कारभार बघणाऱ्या मोहनलाल मुनीमजींनी सगळं आवार पालथं घातलं आणि त्यांना सशांचे ट्रे सापडले.

नवे ट्रे चैत्रात आले. चकचकीत जस्ती पत्रा, पण पातळ. धुळ्याच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा मगन त्यासाठी मुद्दाम बोलावला. लग्नात दिलेल्या पातेल्यावर घालतात तसं त्यानं काठावर बाहेरून नाव घालायला घेतलं. पण काठ दोन बोटांचा, आणि मजकूर होता ‘मातोश्री लाडकुंवरबाई यांच्या श्रेयार्थ’.

“काठावर कोण वाचणार?” मुनीमजी म्हणाले. “आत घाल. मधोमध. लांबून दिसलं पाहिजे.”

मगननं टोकदार छिन्नी ठेवली, हातोडी मारली आणि ठिपक्या-ठिपक्यांनी बाराही ट्रेंच्या तळाला आतल्या बाजूनं आईचं नाव घातलं. त्या तळावर पुढं काय पडणार आहे, हे त्या वेळी तिथं हजर असलेल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. सुनंदाबाईच्या आलं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती आणि तिला वाचता येत होतं. तिला हेही दिसलं की एकेक ठिपका जस्त फोडून खालच्या लोखंडात गेला आहे. तिनं तसं सांगितलं.

“तू ट्रे धू. नाव वाचायला दुसरे आहेत,” मुनीमजी म्हणाले, आणि तिचे जुने बारा ट्रे भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवले.

पावसाळाभर गंज अक्षराअक्षरानं चढला. नाव आधी तांबूस झालं, मग तपकिरी, मग काळं, आणि श्रावणात गळायला लागलं. शेठनी मायना नाववर ससा हागतस, मंग पुन्य कोनले, सशासले का शेठले, असं विचारून भटू एकटाच खो खो हसला होता. सुनंदाबाई हसली नव्हती. रोज सकाळी कुणाच्या तरी आईच्या नावावरच्या लेंड्या झाडायच्या, तिच्या नावात बसलेला मूत घासायचा, हे तिला भयंकर वाटायचं. आणि ज्या मुलानं हे केलं तो गोठ्याच्या कमानीखालून छाती काढून जायचा.

तिनं मेलेलं पिल्लू तसंच तळहातावर ठेवून मुनीमजींच्या खोलीकडं चालायला सुरुवात केली.

“काय करशी आते?” भटूनं मागून विचारलं.

“दाखाडस त्याले.”

मुनीमजी टेबलाशी बसून सुपारी कातरत होते. तिनं पिल्लू त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. ते खुर्चीसकट मागं सरले.

“अगं अगं, हे काय आणलंस इथं!”

“नववं. वरचा ट्रे गळतो म्हणून मेलं.”

“पिल्लं मरतातच. सशीला आठ-आठ होतात ती काय सगळी जगायला?”

“माझी जगत होती. जुने ट्रे होते तोवर जगत होती.”

“मग पोतं टाक ना मध्ये.”

“टाकून बघितलं. भिजतं, आणि ससे कुरतडून खातात. मुनीमजी, दोनच उपाय आहेत. एक तर झाळ मारून भोकं बुजवा, नाहीतर आतून डांबराचा हात द्या. रस्त्याचं काम चाललंय, डांबर फुकट मिळेल. मी लावते.”

मुनीमजींनी अडकित्ता खाली ठेवला.

“मांजींच्या नावावर डांबर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आणि झाळ मारली तरी अक्षरं बुजणारच. येत्या रविवारी शेठजी मांजींना घेऊन येतायत. खास नाव बघायला. गेले सहा महिने त्या म्हणतायत, मला एकदा दाखव. नाव जसंच्या तसं दिसलं पाहिजे, घासूनपुसून.”

“आणि तोवर मरतील ती?”

“तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?”

“वरच्या ओळीवर गळत नाही, पण तिथं चारही पिंजऱ्यांत लेकुरवाळ्या आहेत. याची आई खाली, पाचवी. सहावी आज सकाळपासून लव उपटायला लागलीय, उद्या विणार. तिला कोरडी जागा नाही. सांगा, कुठं ठेवू?”

“हे तू मला विचारणार?” मुनीमजींचा आवाज चढला. “शेठजींना दोन कार्डं टाकलीस ती मला कळली नाहीत असं वाटतं का तुला? माझ्या डोक्यावरून जातेस? ऐकून ठेव. रविवारी त्या ट्रेवर डांबराचा एक ठिपका जरी दिसला, तर संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायची. हे उचल आता इथून.”

आवारातली ती खोली आठ बाय आठची होती. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला बाहेर काढलं, तेव्हापासून ती खोली हेच तिचं घर. तिनं पिल्लू उचललं. काहीतरी खणखणीत बोलायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या. ती मागं जाऊन बाभळीखाली खड्डा खणायला लागली. तिनं तो गरजेपेक्षा हातभर जास्त खोल खणला.

शुक्रवारी सकाळी सहावी व्यायली. सात पिल्लं. सुनंदाबाई पिंजऱ्यासमोर उकिडवी बसून वर बघत राहिली. वरच्या ट्रेच्या खालच्या अंगाला ‘श्रेयार्थ’मधल्या ‘र्थ’खाली एक थेंब फुगत होता. तो पडला. दुसरा फुगायला लागला.

ती उठली आणि गोठ्यात गेली.

“भटू आबा, डांबर लई ये.”

भटूनं तिच्याकडं नीट बघितलं.

“मुनीम तुले हाकली देई.”

“देऊ दे.”

“तुनी खोली जाई, सुनंदा.”

“जाऊ दे म्हणते ना! का मी जाऊ आणायला?”

रागात ती नेहमी शाळेतल्या मराठीवर जायची. तासाभरानं भटू घमेलंभर डांबर डोक्यावर घेऊन आला. रोडना मुकादमनी दिधं, एवढंच म्हणाला, आणि तीन दगड मांडून त्यानं जाळ केला.

मुनीमजी धुळ्याला गेले होते, ते रविवारीच परतणार होते. तिनं बाराही पिंजऱ्यांखाली राख आणि टरफलं घालून तात्पुरती पोती अंथरली आणि बाराही ट्रे उन्हात मांडले. घासले, वाळवले, आणि काठीला चिंधी बांधून डांबराचा पहिला हात मारला. ‘मातोश्री’ गेलं. ‘लाडकुंवरबाई’ गेलं. इतकं बरं वाटत होतं की तिचं तिलाच नवल वाटलं. प्रत्येक अक्षरात डांबर दाबून भरताना ती मनात एकेक आकडा म्हणत होती, एक, दोन, तीन, नऊपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. डांबर चिकटू नये म्हणून वर राख पेरली आणि दुपारभर कावळे हाकत बसली. शनिवारचं ऊनही खाऊ दिलं. दुपारी ट्रे जागच्या जागी सरकवून वर पाणी ओतून बघितलं. खाली थेंब आला नाही.

त्या दिवशी एकही पिल्लू मेलं नाही. सात होती ती सात राहिली.

रविवारी सकाळच्या गाडीनं शेठजी आले. स्टेशनावरून टांगा आला आणि त्यातून मोहनलाल मुनीमजींनी हाताला धरून एका म्हातारीला उतरवलं. लाडकुंवरबाई इतक्या लहानखुऱ्या असतील असं सुनंदाबाईला वाटलं नव्हतं. नाव एवढं लांबलचक, आणि बाई पोरीएवढी. फिक्या रंगाची ओढणी, जाड काचांचा चष्मा, आणि मनगटं इतकी वाळलेली की बांगड्या कोपरापर्यंत जाऊ नयेत म्हणून दोऱ्यानं बांधलेल्या. पन्नालाल शेठ मागं होते, धोतर सावरत. ते कमानीखाली क्षणभर थांबले.

“मांजी, हे गोठ्याचं काम आपलं.”

“ते मला माहीत आहे. माझं कुठं आहे?”

मुनीमजी लगबगीनं पुढं झाले. पिंजऱ्यांपाशी येऊन त्यांनी वरच्या ओळीतला पहिला ट्रे धरला आणि मोठ्या थाटात बाहेर ओढला. काळा कुळकुळीत पत्रा निघाला. त्यांनी दुसरा ओढला. तिसरा ओढला. तिसरा त्यांच्या हातातून निसटून फरशीवर पडला आणि राख उडाली.

“कोणी केलं हे?” शेठजींनी विचारलं.

“मी,” सुनंदाबाई म्हणाली.

“या बाईला मी बजावून सांगितलं होतं शेठजी, हिला आजच्या आज…”

“थांबा मुनीमजी. का केलंस?”

महिनाभर ती हे मनात बोलत होती. गाईंशी बोलली होती, भटूशी बोलली होती, झोपेतही बोलली असेल. आता ते सगळं एकदम बाहेर आलं.

“का म्हणजे? तुमच्या आईचं नाव गळत होतं म्हणून! भांड्यावर नाव काठाला घालतात, तुम्ही तळाला घातलं. तेही लेंड्या पडतात तिथं. ठोकून ठोकून पत्रा फोडला. त्यातून वरच्या सशांचा मूत खालच्या पोरांवर गळला आणि पोरं मेली. सांगितलं तर ऐकायचं नाही. कार्ड टाकलं तर उत्तर नाही. नाव दिसलं पाहिजे, जनावर मेलं तरी चालेल! मग कशाला आणले हे सोडवून? तिथं सुरीनं तरी एका झटक्यात मेले असते.”

मुनीमजींनी कानांवर हात ठेवल्यासारखं केलं. शेठजींची मान लाल झाली होती. भटू गोठ्याच्या खांबाशी येऊन उभा राहिला होता, हातात काठी घेऊन, का ते त्यालाच माहीत.

लाडकुंवरबाई पुढं आल्या. खाली पडलेल्या ट्रेजवळ त्या एक हात जमिनीला टेकवून हळूहळू बसल्या आणि काळ्या पत्र्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

“मला वाचता येत नाही,” त्या म्हणाल्या. “बोट फिरवीन म्हणून आले होते. घरात सगळ्या भांड्यांवर ह्यांचं नाव, मग पन्नाचं. माझं नाव कुठं घातलेलं नाही.” बोटाला लागलेली राख त्यांनी ओढणीला पुसली. “इथं घातलं होतं का?”

“हो,” सुनंदाबाई म्हणाली. तिचा आवाज अजून खाली आला नव्हता.

“आणि इथून गळलं?”

“हो.”

“त्यानं जीव गेले?”

“गेले.”

शेठजी वाकून म्हातारीला उठवायला गेले, तर तिनं त्यांचा हात बाजूला केला.

“पन्ना, तू मला काय सांगितलं होतंस? ह्याचं पुण्य तुमच्या नावावर चढेल. मग पाप कुणाच्या नावावर चढलं?”

“मांजी, असं नसतं. आपल्याला माहीत नव्हतं. नकळत झालं ते…”

“नाव माझं आहे ना? मग माझ्याच नावावर.” तिनं चष्मा वर सारून सुनंदाबाईकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, रडणंही नव्हतं. बाजारातून आणलेली भाजी किती शेर आहे हे विचारावं इतक्या सरळपणे तिनं विचारलं, “जितके जीव गेले तितके उपवास मी करीन. उद्यापासून. ओळीनं. किती गेले, बाई?”

“मांजी!” शेठजींचा आवाज फाटला. “गेल्या साली तिसऱ्या उपवासाला तुम्ही पडलात. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा केलंत तर…”

“मी तुला विचारलं नाही. हिला विचारते आहे. ही खोटं बोलणार नाही. किती?”

आकडा सुनंदाबाईच्या ओठावर होता. हा एवढा एक प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून तिनं महिना काढला होता. पहिलं पांढरं, दोन दिवसांचं. दुसरं आणि तिसरं एकाच सकाळी. सहाव्याचे डोळे उघडायला लागले होते. एकेक तिनं स्वतः पुरलं होतं आणि एकेकाचा हिशेब तिला या दोन माणसांच्या तोंडावर फेकायचा होता.

तिनं शेठजींकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणजे कार्डं पोचली होती. दुसऱ्या कार्डावर तिनं ठळक अक्षरांत ‘सात’ लिहिलं होतं, आणि त्यानंतरही आणखी गेली असतील एवढं या माणसाला समजत होतं. ते तिच्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात शेठपणा अजिबात नव्हता. मग तिनं फरशीवर बसलेल्या म्हातारीच्या मनगटांकडं बघितलं, बांगड्या बांधलेल्या दोऱ्याकडं बघितलं. आणि तिला विलक्षण संताप आला, या सगळ्यांचाच, या म्हातारीचासुद्धा. मारायचं कोणाला होतं, आणि पुढं येऊन उभं कोण राहिलं होतं!

“एक,” ती म्हणाली.

भटूची काठी खांबावर आपटली.

“एक?” लाडकुंवरबाईंनी विचारलं.

“एकच.”

“नक्की?”

“सांगितलं ना एकदा! एक.”

“ऐकलंत शेठजी?” मुनीमजी उसळले. “एक! एका पिल्लासाठी या बाईनं महिनाभर माझं डोकं खाल्लं, आणि रोज येऊन मला सांगत होती की…”

“मुनीमजी!” शेठजी असे ओरडले की वरच्या ओळीतल्या सश्या पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला जाऊन चिकटल्या. “एक शब्द बोलू नका.”

मुनीमजींच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र काही गेला नाही. बाई खोटी ठरली होती, तीही स्वतःच्या तोंडानं. आता पुढं तिनं काहीही सांगितलं तरी कोण ऐकणार होतं? सुनंदाबाईला ते दिसत होतं. ती दात आवळून उभी राहिली. नऊमधलं एक म्हातारीनं घेतलं होतं. उरलेली आठ या क्षणापासून मेलीच नव्हती, जन्मलीच नव्हती.

“एकाचा एक,” लाडकुंवरबाई म्हणाल्या. त्यांनी सुनंदाबाईकडं हात केला आणि तिच्या हाताचा आधार घेऊन उठल्या. तो हात त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला. “डांबर राहू दे, पन्ना. हिला कोणी काही म्हणायचं नाही.”

त्या टांग्याकडं निघाल्या. मुनीमजी एका बाजूनं आणि भटू दुसऱ्या बाजूनं त्यांना सांभाळत गेले.

शेठजी मागं राहिले. सुनंदाबाईनं फरशीवरचा ट्रे उचलला, पोचा आला आहे का बघितलं, वर राख भुरभुरली, टरफलं पसरली आणि तो जागेवर सरकवला. मग दुसरा.

“बाई,” शेठजी हळूच म्हणाले. “तुमची कार्डं मी वाचली होती.” आजवर ते तिला अगंतुगं करत. “तुमचे उपकार झाले. मांजी इतके दिवस… त्या राहिल्या नसत्या. मी काय करू तुमच्यासाठी, सांगा.”

त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला होता. सुनंदाबाईनं तिसरा ट्रे हातात धरूनच मागं वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं, पण आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

“खिशात काय शोधता?” ती म्हणाली. “उरलेले आठ तुम्ही करा.”